यंत्राचा प्राणायाम

यंत्राला जीव नसतो, हे आपण शाळेत शिकतो. परंतु डिझेलची मोटार घाट चढू लागली म्हणजे त्या सत्याविषयी मनात थोडी शंका येऊ लागते. सपाटीवर मुकाट्याने धावणारी गाडी चढणीवर एकाएकी गळाठते, तेव्हा तिच्या श्वासाचा विचार करणे भागच पडते.

डिझेल इंजिनाला हवा भरपूर लागते. ती पुरविणारा टर्बो ही १९०५ सालची कल्पना. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत भरते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे! याच्या जोडीला ईजीआर नावाची झडप असते. ती धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे ज्वलनाची आच मंदावते. कारण अति उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन फुप्फुसांना घातक असे वायू बनतात. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्राणाचा अपानात आणि अपानाचा प्राणात होम करणारे साधक सांगितले आहेत. या झडपेचे कार्य पाहिले की त्यांची आठवण होते.

आमची गाडी बेळगावहून गोव्याला येताजाताना चोर्ला घाटात दम सोडू लागली. मागे काळा धूर, समोर पिवळा दिवा, आणि पाठीवर भरलेले ट्रक. गाडीत वृद्ध आई. कवळ्याच्या शांतादुर्गेचे दर्शन तिला चुकवायचे नव्हते. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की काही काळ बरे वाटे; पुढच्या चढणीवर पुन्हा तेच. एका गॅरेजात निदान झाले, "टर्बो गेला." खर्चाचा आकडा ऐकून आई म्हणाली, "अरे, मग यंदा देवीला इथूनच हात जोडते."

दुसरा मिस्त्री वयस्क होता. तो म्हणाला, "साहेब, आधी नळ्या बघू; टर्बो कुठे पळून जात नाही." इंटरकूलरच्या जाड नळ्यांवर कुठे तेलकट डाग आहे का, हे त्याने पाहिले, तिथून दाबलेली हवा निसटते. मग लहानसा हातपंप लावून टर्बोच्या दांड्याला निर्वात दिला. दांडा सरकला आणि जागेवर टिकला. म्हणजे टर्बोचा दांडा तरी धडधाकट होता. मग त्याने एकेक बारीक नळी बोटांनी चाचपली. एक नळी लोखंडी पट्टीला घासून चिरली होती. त्या चिरेतून निर्वात गळत होता. म्हणून चढणीवर, नेमक्या गरजेच्या वेळी, टर्बोला हुकूम पोहोचत नव्हता. शिवाय काजळीने माखलेली ईजीआर झडप अर्धवट उघडीच अडकली होती. ताज्या हवेच्या वाट्यात धूर घुसत होता. नळी बदलली, झडप खरवडून धुतली. टर्बोला हात लावावा लागला नाही.

तिथे उभ्या असलेल्या एकाने सल्ला दिला, "त्या झडपेची वाट पत्र्याची चकती घालून बंदच करा, काजळीची कटकट कायमची मिटेल." सल्ला मोहक होता. काजळी कमी झाली असती, इंजिन स्वच्छ राहिले असते. पण विषारी वायू वाढले असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारींच्या या वायूंची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, ती काही उगाच नव्हे. आमची गाडी त्याआधीची असली, तरी तिच्यामागून चालणाऱ्यांची फुप्फुसे काही जुन्या नियमांची नसतात. मिस्त्रीने नुसती मान हलविली. मीही नकार दिला.

सोवळे हे स्वतःपुरते राखले, तर ते फार सोपे असते. आषाढात रस्त्याच्या कडेने पायी चाललेल्या दिंडीला वाट देऊन आपण काच वर करतो, हात जोडतो आणि पुढे निघतो. आपल्यामागे काय उरते, हे आरशात दिसतेच असे नाही. दिसणारा धूर नाहीसा करणे ही टापटीप झाली. न दिसणाऱ्याचीही चाड बाळगणे, याला मात्र आपल्या पूर्वजांनी धर्म हेच नाव दिले असते.