गाडी चालते, बस्स!

घरी हौसेने टॉय ट्रेन चालवणं वेगळं आणि तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर ती रोज चालवणं वेगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेमो आणि प्रॉडक्शन! डेमोत गाडी अडली तर बोटाने ढकलायची, हसून वेळ मारून न्यायची. तिकीट काढून आलेल्या पोरांसमोर ते चालत नाही.

हे सुचलं ते पुण्यातल्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममुळे. भाऊ जोशींनी कोथरूडमध्ये उभं केलेलं हे छोटंसं शहर १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. संभाजीनगरहून पुणे म्हणजे पाच-सहा तास, पण भाचीला घेऊन मुद्दाम गेलो. ती सारखी विचारायची, "मामा, आता पुढची कुठून येणार?" येणार की नाही, ही शंका तिला नव्हतीच. मी मात्र रूळ बघत होतो. (सवय, दुसरं काय!)

कारण अशा गाड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे साधा मळ. एचओ स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकार, दोन रुळांत जेमतेम १६.५ मिलिमीटर अंतर. नेहमीच्या पद्धतीत १२ व्होल्टपर्यंतची वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटारीत जाते. धूळ, तेलाचा अंश, बारीक ठिणग्यांनी साचलेला काळा थर... एवढ्यानेही इंजिन थबकतं. त्यातून सांध्यावर जास्तच, कारण बऱ्याच सांध्यांचा मधला तुकडा प्लास्टिकचा असतो, तिथे वीजच नसते. मग काय, रूळ पुसा, चाकं पुसा, गिअरला तेलाचा एकच थेंब द्या (जास्त झालं की तेच रुळावर येतं), राखीव इंजिन तयार ठेवा. उद्या परत तेच. २००१ मध्ये सुरू झालेल्या हॅम्बुर्गच्या मिनिएचर वुंडरलँडमध्ये हजारावर गाड्या आहेत, पण पुसापुशीतून त्यांचीही सुटका नाही.

आणि हे सगळं नीट केलं की बघणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही. गाडी चालते, बस्स.

आमच्या टीममध्येही असा एकजण आहे. बॅकअप, लॉग, डिस्क, रोज न चुकता बघतो. सर्व्हर पडत नाहीत, म्हणून त्याचं नावही कुठल्या मेलमध्ये येत नाही. नवीन फीचरवाले प्रेझेंटेशन देतात, टाळ्या घेतात.

पुढच्या महिन्यात अप्रेजल आहे. त्याचं रेटिंग मला भरायचंय आणि फॉर्मात रकाना आहे, 'या वर्षी नवीन काय केलं?' मी लिहिणार आहे, "वर्षभर काही बंद पडू दिलं नाही." वरच्यांना हे पटवायला भांडावं लागेल बहुतेक.

भांडू!