गर्न्सी बेटावरील तेलाची खाण

इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यासमोर, गर्न्सी हे लहानसे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकावरील शुए भूशिराजवळ जुन्या ग्रॅनाइटच्या खाणी आढळतात. दगड काढून झाल्यावर अशा खाणींत पाणी साचते आणि पाखरे उतरू लागतात. शुएच्या एका खाणीत मात्र १९६७ साली तेल ओतण्यात आले.

ते तेल ‘टॉरी कॅनियन’ या जहाजाचे. कुवेतचे सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल घेऊन ते वेल्समधील मिलफर्ड हेवनकडे निघाले होते. भरतीची वेळ साधण्यासाठी कप्तानाने जवळची वाट धरली आणि १८ मार्च १९६७ रोजी सिली बेटांजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर जहाज चढले. कॉर्नवॉलचे किनारे काळवंडले, हजारो समुद्रपक्षी मेले. एप्रिलमध्ये तवंग गर्न्सीला पोहोचला. बेटवासीयांनी वाळूवरचे तेल उपसून टाकीच्या गाड्यांतून या खाणीत आणून टाकले.

कॉर्नवॉलला निराळा उपाय झाला. तिथे तेल विरघळवणारी रसायने हजारो टन ओतली गेली. खडकांना चिकटून जगणारे शिंपले व गोगलगायी तेलापेक्षा या रसायनांनीच अधिक मेल्या. रसायने न वापरलेले खडक दोन-तीन वर्षांत पुन्हा जिवंत झाले. जेथे त्यांचा मारा झाला, तेथे दहा वर्षांहून अधिक काळ लागला. उतावीळ उपकार अपकारापेक्षा महाग पडतो, याचा इतका स्पष्ट हिशेब क्वचितच मिळतो.

जबाबदार कोण, हा प्रश्न तेलाहून चिकट होता. निशाण लायबेरियाचे, मालक कंपनीचा पत्ता बर्म्युडाचा, खलाशी इटालियन, जहाज भाड्याने घेणारी कंपनी अमेरिकन, माल ब्रिटिश कंपनीचा. शिवाय खडक ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर. परक्या जहाजावर हात टाकण्याचा अधिकार आहे की नाही, हेच स्पष्ट नव्हते. अखेर दहा दिवसांनी विमानांतून बॉम्ब टाकून जहाज बुडवले गेले. भरपाईसाठी ब्रिटनला त्याच मालकाचे दुसरे जहाज सिंगापूर बंदरात अडवावे लागले; तेव्हा कुठे १९६९ मध्ये ब्रिटन व फ्रान्स मिळून ३० लाख पौंडांवर तडजोड झाली.

त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे दोन करार झाले. एकाने किनारी देशाला हद्दीबाहेरही हस्तक्षेपाचा अधिकार दिला. दुसऱ्याने चूक सिद्ध करण्याची अट न ठेवता, ठरावीक मर्यादेपर्यंत, जहाजमालकावर भरपाईचे दायित्व टाकले. पुढे १९७३ चा ‘मार्पोल’ करार आला. १९७८ मध्ये त्याला जोड मिळाली आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून तो अमलात आला. अपघात वर्तमानपत्रांत गाजतात, पण टाक्या धुऊन तेलकट पाणी समुद्रात सोडण्याची रोजची रीतही कमी घातक नव्हती. ‘मार्पोल’ने तिला लगाम घातला. तेलवाहू जहाजाला किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत असे पाणी सोडता येत नाही. प्रत्येक उपसा नोंदवहीत लिहावा लागतो आणि परक्या बंदरातील अधिकारीही ती वही तपासू शकतो.

हे सारे नियम पुढच्या जहाजांसाठी. शुएच्या खाणीतले तेल त्यांच्या आधीचे, आणि जमिनीवरचे. ते काढण्याचे अनेक प्रयत्न झाले, तरी ऊन तापले की तळाचे तेल वर येत राहिले. अखेर तेल खाणारे सूक्ष्मजीवही त्या पाण्यात सोडण्यात आले. चार दशकांनंतरही पाणी समजून उतरलेली पाखरे तिथे तेलात सापडत होती.