कोजागिरीच्या दुधातले घरचे बदाम

चाकूरच्या आमच्या घरामागं परसात देशी बदामाचं झाड आहे. भादव्यानंतर त्याची फळं पिवळी-तांबडी होऊन खाली पडायला लागतात. लेकरं वरचा गर खातात आणि बी फेकून देतात. एका वर्षी मी ठरवलं, कोजागिरीच्या दुधात विकतचे बदाम घालायचे नाहीत, घरचेच घालायचे.

पहिली चूक घाईची. फांद्या हलवून हिरवीच फळं पाडली. फोडली, तर आत मगज भरलेलाच नव्हता. मग पिकलेली वेचली, पण ओलीच फोडायला बसलो. या बदामाचं टरफल धाग्याधाग्यांचं आणि चिवट असतं. ओलेपणी हातोडी त्यात रुतते आणि मगजाचा चुरा होतो. फळ कडेवर उभं धरून ठोका द्यायचा असतो, हे बोट ठेचल्यावर कळलं. दोन टोपल्या फळांतून वाटीभर मगज निघाला.

परतीचा पाऊस चालू होता. मगज न वाळवताच प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. कोजागिरीला उघडलं, तर हिरवट बुरशी.

इथवरच्या चुका अजाणतेपणी झाल्या. पुढची मी जाणूनबुजून केली. एवढ्या मेहनतीचा मगज टाकवेना. फडक्यानं पुसला, तव्यावर खमंग भाजला, कुटून दुधात घातला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

गच्चीवर पहिला घोट घेऊन माय म्हणाली, "बाळा, ह्ये कडू लागायलंय. बदाम बघून घेतलास का?"

मी "हो" म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. लेकरांच्या हातातले पेले तेवढे काढून घेतले.

नंतर वाचलं, की १९६० मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले, त्याचं कारण भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीचं विष होतं. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर घाला घालतं आणि घरच्या भाजण्यानं पुरतं नष्ट होत नाही. माझ्या डब्यातली बुरशी तीच होती का, हे नुसतं बघून कळणारं नव्हतं. म्हणूनच माझं ते "हो" मला आजही टोचतं. दुसऱ्या दिवशी मी मायला खरं सांगितलं, पण ते दूध प्यायच्या आधी सांगायला हवं होतं.

आता आपोआप गळालेलीच फळं घेतो. वटवाघळांनी कुरतडलेली उचलत नाही. गर काढून बिया टरफलासकट कडक उन्हात वाळवतो. हलवल्यावर आत मगज खुळखुळला की त्या कोरड्या पोत्यात ठेवतो आणि लागतील तेवढ्याच फोडतो. बुरशीचा ठिपका दिसला, वास आला किंवा चव कडवट लागली, की फोडलेला सगळा मगज खड्ड्यात जातो.

गेल्या वर्षी पाऊस लांबला, बिया वाळल्याच नाहीत. कोजागिरीचं दूध नुसतं वेलदोडा-जायफळ घालून आटवलं. मायनं दोन पेले घेतले.