मार्च एंडिंगच्या आधीचा गुरुवार

फॅमिली ग्रुपवर टोरांटोच्या आतेभावानं फोटो टाकला. लालभडक कनू, खाली आरशासारखं तळं, मागे काळपट झाडी आणि सगळ्या चित्रात माणूस म्हणून हा एकटा! फोटो गेल्या वर्षीचा, पण यंदाचं बुकिंग झालं म्हणून साहेबांनी मुद्दाम टाकलेला. खाली लिहिलं होतं, 'बर्फ वितळल्या वितळल्या निघायचं. डास नाहीत आणि माणसंही नाहीत.'

मी तेव्हा चिंचवडच्या आमच्या गॅलरीत बसून एका हातानं लेख टाइप करत होते. दुसऱ्या हातात डास मारायची बॅट होती.

पवनेच्या काठी राहणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चबद्दल वेगळं सांगायला नको. नदीवर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो (लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय मस्त लॉन आहे!) आणि संध्याकाळी साडेसहाला घराघरांतून खिडक्या बंद झाल्याचे आवाज येतात. लोक वसंताचं स्वागत कशानं करतात माहीत नाही, आम्ही कॉइल लावून करतो.

तर मी आतेभावाला फोन करून त्याचा फंडा समजून घेतला. ऑन्टारिओत अल्गॉन्क्विन नावाचं प्रचंड मोठं अभयारण्य आहे, तळ्यांनी भरलेलं. तळ्यांवरचं बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला फुटतं. मेच्या मध्यावर काळ्या माश्या येतात आणि माणसाला फोडून खातात. मग डास. मग जुलैत शाळांच्या सुट्ट्या आणि गर्दी. म्हणजे बर्फ आणि माशी यांच्यामध्ये जेमतेम दोन आठवड्यांची एक फट असते. शहाणे लोक त्या फटीतून आत शिरतात.

'आपल्याकडे अशी फट असेल का रे?' मी रात्री दादाला विचारलं.

रात्री म्हणजे पावणेबाराला. दादा चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत आहे आणि त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. आम्ही दोघं एकाच घरात राहतो, पण भेटतो मुख्यतः फ्रीजपाशी. त्यानं दह्याचं भांडं काढलं, झाकण उघडलं आणि वर न बघता म्हणाला, 'जे काय ठरवायचं ते मार्चमध्ये ठरव. एक एप्रिलपासून मी साणंदला.'

बदली होणार होणार हे दिवाळीपासून ऐकत होतो. तारीख त्या दिवशी कळली.

मग मात्र मी कामालाच लागले. वहिनी हिंजवडीत आयटीत असल्यामुळे आमच्याकडे कुठल्याही भावनेचं रूपांतर आधी एक्सेल शीटमध्ये होतं. तिनं बारा महिने उभे लिहिले आणि आडवे चार कॉलम केले : पाणी, किडे, गर्दी, सुट्टी.

जून ते सप्टेंबर एका फटक्यात लाल. मावळात पाऊस असा पडतो, की त्यात वल्हं मारायला जाणं म्हणजे आत्महत्या. शिवाय जंगलात जळवा. आणि गर्दी? पावसाळ्यात अख्खं पुणे-मुंबई लोणावळ्याकडे तोंड करून उभं असतं. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या वजनानं कोसळला आणि चार जण गेले, ते कुणी विसरलेलं नाही. आईनं तर नाहीच. त्यामुळे 'पाणी' हा शब्द आमच्या घरात जरा जपूनच काढावा लागतो.

ऑक्टोबर ते जानेवारी पाणी काठोकाठ, हवा सुरेख, पण पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री तंबूंची कॉलनीच वसते. शेजारच्या तंबूतल्या स्पीकरवर आपल्याला न आवडणारी गाणी ऐकायची असतील तर पैसे खर्चून तिथवर का जा? सोसायटीत गणपती असतातच की.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं आणि काठाला नुसता गाळ उरतो. बोट पाण्यापर्यंत न्यायची तर गुडघाभर चिखल. मेअखेरीस काजवे येतात आणि काजव्यांमागून त्यांच्या दसपट गाड्या.

उरला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा. पाणी बऱ्यापैकी. थंडी ओसरलेली, ऊन अजून अंगावर न आलेलं. पळस, पांगारा, काटेसावर फुललेले. डासांसाठी गावाबाहेरचं मोकळं पाणी आमच्या जलपर्णीच्या मानानं काहीच नाही. आणि गर्दी शून्य!

'शून्य का पण?' वहिनीनं विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं. दहावी-बारावीच्या परीक्षा, म्हणून फॅमिल्या घरात. आणि मार्च एंडिंग, म्हणून बाकी सगळे ऑफिसात.

म्हणजे बॉस, फट सापडली होती. पण ती रिकामी होती कारण त्या दिवसांत कुणालाच सुट्टी मिळत नाही, आणि 'कुणालाच' यात आम्हीही आलो. वहिनीचं क्वार्टर क्लोजिंग. दादाच्या कंपनीत मार्चचा डिस्पॅच, म्हणजे ओव्हरटाइम, आणि वर बदलीच्या आधी सगळं हँडओव्हर करायचं. चौथ्या कॉलममध्ये वहिनीनं मार्चपुढे लाल रंग भरला आणि लॅपटॉप मिटला.

'गुरुवार,' बाबा म्हणाले.

बाबा पेपर वाचत होते. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आमच्या औद्योगिक पट्ट्याबाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. विजेवर ताण नको म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या कारखान्यांना वेगवेगळे साप्ताहिक सुट्टीचे वार ठरवून दिले गेले आणि आमच्याकडे वाटणीला आला गुरुवार. भोसरी, पिंपरी, चाकणमध्ये कित्येक कंपन्यांना आजही गुरुवारचीच सुट्टी असते. रविवारी हॉर्न आणि गुरुवारी शुकशुकाट. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं होते. त्यांची सुट्टी गुरुवारी, आमच्या शाळेची रविवारी. लहानपणी गुरुवारी आम्ही दप्तरं घेऊन निघायचो तेव्हा बाबा लुंगीवर दारात उभे असायचे आणि रविवारी आम्ही झोपेत असताना फर्स्ट शिफ्टला गेलेले असायचे. 'फॅमिलीची ट्रिप' म्हणून जे काही असतं, ते आमच्याकडे कधी झालंच नाही. कुणाचा दोष नव्हता त्यात. वार जुळत नव्हते, इतकंच.

आता दादाची सुट्टी गुरुवारी, वहिनीची शनिवार-रविवारी. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला सातही दिवस सुट्टी असते आणि एकही दिवस नसते. दादानं कसाबसा मार्चमधला दुसरा गुरुवार ओव्हरटाइममधून सोडवून घेतला. वहिनीला रजा मिळालीच नाही. 'तुम्ही जा,' ती म्हणाली. साणंदला तीही सहा महिन्यांनी जाणारच होती, त्यामुळे तिचं म्हणणं असं, की हा गुरुवार आमचा.

जागेवर मात्र फार वाद झाला नाही. खरं जंगल हवं तर कोयनेचा शिवसागर, तापोळा-बामणोलीकडचा. एका बाजूला अभयारण्य, आवाज म्हणून फक्त पक्ष्यांचे. पण त्याला किमान दोन दिवस हवेत आणि आमच्याकडे एकच होता. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग जबरदस्त आहे, पण तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं तेव्हाच नदीला वेग येतो आणि आम्हाला वेग नकोच होता. चाकणपासून जवळ म्हणून भामा-आसखेडला चक्कर मारली, काठ सुंदर, पण आम्हाला भाड्यानं बोट देणारं कुणी भेटलं नाही. शेवटी पवना. कनू इथे मिळत नाही, मिळतो तो कयाक. कनूला एकाच टोकाला पातं असलेलं वल्हं, कयाकला दोन्ही टोकांना, एवढा फरक कळला की काम भागतं.

फोनवर कयाकवाल्या काकांनी तीन गोष्टी बजावल्या. सकाळी साडेसहाला या, दहानंतर वारा सुटतो. लाइफ जॅकेट काढायचं नाही, पोहता येत असलं तरी. आणि सेंट मारून यायचं नाही.

ही तिसरी अट ऐकून मी हसले. मग कळलं, की आमच्या एक्सेलमध्ये केवढी मोठी चूक होती. 'किडे' या कॉलमात आम्ही डास, जळवा, अगदी गवतातल्या गोचिडीसुद्धा धरल्या होत्या. आग्यामोहोळ विसरलो! डोंगर फुलतो त्याच दिवसांत कड्यांवर आग्या माश्यांची ही हातभर पोळी लटकतात. धूर, आरडाओरडा, उग्र वास, यातलं काहीही त्यांना डिवचायला पुरतं. मावळातल्या किल्ल्यांवर ट्रेकर्सना माश्यांनी गाठल्याच्या बातम्या याच मोसमात येतात. अल्गॉन्क्विनची फट सह्याद्रीत तशीच्या तशी बसत नाही, हे मी आतेभावाला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी पहाटे पाचला निघालो तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे. 'मी काठावर बसेन. थर्मास घेतलाय.'

सोमाटणे फाट्यावरून आत वळलो, तसा रस्ता रिकामा होत गेला. पवनानगरला पोचलो तेव्हा तुंगचं टोक नुकतं उजळत होतं. समोर तिकोना. काठावर एकही तंबू नाही. पाणी भरलेल्या दिवसांच्या खुणेपासून बरंच खाली उतरलेलं होतं आणि मधल्या पट्ट्यात भेगाळलेली करडी माती.

ती माती बघून जरा चमत्कारिकच वाटलं. हे धरण १९७२ च्या सुमाराचं. इथलं पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीत शुद्ध करतात आणि मग आमच्या नळाला येतं. म्हणजे आम्ही आंघोळी करतो तसा हा काठ मागे सरकतो! २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा आम्ही किती कटकट केली होती. आणि धरणात जमिनी गेलेल्यांपैकी कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सुटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ ला याच धरणातून आमच्या शहरात येऊ घातलेल्या बंद जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा बाबांनी आवाज बारीक केला होता, एवढंच आठवतं.

दादा पुढे, मी मागे. पहिली दहा मिनिटं वल्ह्यांची टक्कर आणि भांडण. 'उजवं मार ना गं!' 'तुझं उजवं की माझं?' मग लय सापडली. पाणकावळा, टिटवी, एक खंड्या. डास नाही. माणूस नाही. मधोमध जाऊन आम्ही वल्ही आडवी ठेवली आणि नुसते तरंगत राहिलो. मला वाटलं होतं, काहीतरी बोलणं होईल. साणंदबद्दल, आईबाबांबद्दल, आता घरातलं कोण काय बघणार त्याबद्दल. दादा म्हणाला, 'किती शांत आहे यार.' पाच मिनिटांनी म्हणाला, 'गॅसच्या बुकिंगला माझा नंबर आहे, तो बदलून घे.' आणि मग त्यानं एकेक सांगायला सुरुवात केली : सोसायटीचा मेंटेनन्स, बाबांच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून, इन्व्हर्टरचं पाणी. मी मागे बसून फक्त 'हं' म्हणत होते. त्याचं तोंड पुढे होतं, ते बरं होतं.

परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. काकांना विचारलं, धरणातलं वाघेश्वराचं देऊळ कुठल्या बाजूला? वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात वर येतं, असं वाचलं होतं. काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. 'आहे तिकडं. तुम्ही चिंचवडवाल्यांनी अजून थोडं पाणी प्यायलात की दिसंल.'

ते हसत होते. आम्हाला हसावं की नाही कळेना.

'मेमध्ये या.'

'मेमध्ये मी गुजरातला,' दादा म्हणाला आणि बाबांकडे वळला. 'बाबा, या. एक चक्कर मारू.'

'मला पोहता येत नाही.'

'जॅकेट आहे.'

'भाडं तासाचं आहे ना? किती वेळ उरलाय?'

'वीस मिनिटं.'

बाबांनी थर्मास माझ्या हातात दिला, पँट दोनदा दुमडली आणि चिखलात पाय टाकला. काकांनी जॅकेटचे पट्टे आवळले. बाबा पुढे बसले, दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरून, कारखान्याच्या बसमध्ये बसावं तसे ताठ. दादानं मागून वल्हं मारलं. मी काठावर उभी राहून घड्याळ बघत होते. वीसची पंचवीस झाली, पंचवीसची पस्तीस. वारा सुटायला अजून वेळ होता आणि काका काही बोलले नाहीत.