वयाने नव्हे, मापाने

मूल मोठे झाले, हे घर अनेक खुणांनी ओळखते. शाळेचा गणवेश वर्षभरात आखूड होतो, जेवण झाल्यावर ते आपले ताट आपण उचलते, दुकानात गल्ल्यापाशी बसून सुटे पैसे अचूक मोजून देते. या खुणांचा घराला आनंद वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु मोटारीतील पट्ट्याला यांपैकी एकही खूण कळत नाही. त्याला कळते ते शरीराचे माप. हा भेद ध्यानात न घेतल्याने, मुलाची बूस्टर सीट केव्हा काढावी हा प्रश्न बहुतेक घरांत घाईने निकालात निघतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका एकत्र कुटुंबात तो असाच निकालात निघण्याच्या बेतात होता. नातू नऊ वर्षांचा, उंची १२८ सेंटिमीटर. नगरला लग्नाला जायचे होते. चुलत भावंडांनी त्याच्या आसनाला ‘बाळाची खुर्ची’ म्हणून चिडवले आणि त्याने त्यावर बसण्यास साफ नकार दिला. सारे घर ज्यांना बापूजी म्हणते, त्या आजोबांना नातवाचा हिरमुसलेला चेहरा पाहवेना. शिवाय गाडीत जागा पाच आणि माणसे सात. “नऊ वर्षांचा झाला तो. काढा ते आसन, म्हणजे आणखी एक जण मावेल,” असे त्यांनी सांगितले.

सुनेला वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवत नव्हता आणि आसनही काढवत नव्हते. ती एवढेच म्हणाली, “बापूजी, निघण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. त्याला आसनाशिवाय बसवून पाहू. पट्टा नीट बसला, तर मीच ते माळ्यावर ठेवीन.” आयुष्यभर काट्यावर माल तोलून घेणाऱ्या माणसाला तोलून पाहण्याची विनंती नाकारणे कठीण होते.

मोटारीचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. तो प्रौढ शरीरासाठी होता. मुलाला थोडे उंच बसवून तोच पट्टा त्याच्या अंगावर योग्य जागी आणणारी उशी त्याच कंपनीने १९७८ मध्ये आणली. म्हणजे बूस्टर सीट मुलाला धरून ठेवत नाही. धरतो तो पट्टाच. आसनाचे काम त्या पट्ट्याला योग्य हाडांवर आणण्याचे आहे.

ती परीक्षा पाच प्रश्नांची असते. पाठ गादीला पूर्ण टेकते का? तशी टेकलेली असताना गुडघे गादीच्या कडेवर सहज वाकतात का? कमरेचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या हाडांवर राहतो का? वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध आणि छातीवरून जातो का? आणि संपूर्ण प्रवासभर, झोप लागली तरी, मूल असेच बसू शकेल का? पाचही उत्तरे होकारार्थी असतील, तरच आसनाचे काम संपले. एकही नकार आला, तर ते अजून हवे.

नातू ऐटीत बसला. पाठ टेकवली, तर पाय सरळ समोर ताठ राहिले. थोड्याच वेळात पायांना कड लागावी म्हणून तो पुढे घसरला आणि कमरेचा पट्टा अलगद पोटावर चढला. वरचा पट्टा गळ्याला लागताच त्याने तो काखेखालून घेतला. कोणी काही सांगण्याची गरज उरली नाही.

पोटावर चढलेला पट्टा धोक्याचा का, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रौढांच्या कमरेच्या हाडाला जी उंच कड असते, ती लहान मुलांत पुरती वाढलेली नसते. त्यामुळे पट्टा तेथे अडून राहत नाही. गाडी आदळताच तो मऊ पोटात रुततो आणि आतडी, यकृत, प्लीहा, प्रसंगी पाठीचा कणाही दुखावतो. काखेखालून घेतलेला पट्टा छातीचा वरचा भाग रोखू शकत नाही आणि डोके पुढे आपटते.

बापूजींनी दुसरा मार्ग सुचवला, “मग मी मांडीवर घेतो.” येथे सुनेने हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर २० किलोचे मूल धरून ठेवण्यास सुमारे २८० किलोचा जोर लागतो. म्हणजे पन्नास किलोची साडेपाच पोती, एका क्षणात, दोन हातांवर. हमालांच्या पाठीवरची पोती रोज पाहणाऱ्या बापूजींना याहून अधिक सांगावे लागले नाही. मायेला बळ कमी नसते, हातांना असते. त्या दिवशी दुसरी गाडी काढली गेली.

उंचीचा आकडा देशोदेशी थोडा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंची किंवा बारा वर्षे, यांपैकी जे आधी होईल तोवर असे आसन सक्तीचे आहे; जर्मनीत बारा वर्षांखालील मुलासाठी ही मर्यादा १५० सेंटिमीटर आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १४५ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट नऊ इंच, हे माप सांगते. पुष्कळ मुले ते दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास गाठतात. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित नसल्यास १००० रुपये दंड ठेवला आहे. दंडाची रक्कम व्यापाऱ्याला जड नाही. ज्याच्यासाठी तो आहे, ते मोल मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

गादीची खोली आणि पट्ट्याची जागा प्रत्येक गाडीत निराळी असते. वडिलांच्या गाडीत उत्तीर्ण झालेले मूल काकांच्या गाडीत अनुत्तीर्ण होऊ शकते. म्हणून परीक्षा प्रत्येक गाडीत घ्यावी. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जागेवर बूस्टर सीट वापरू नये. भावंडांचे जुने आसन वापरण्यात कमीपणा नाही. मात्र अपघात सोसलेले आसन वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आसन सुटल्यानंतरही तेराव्या वर्षापर्यंत मुलाची जागा मागेच असावी.

राहिला प्रश्न मुलाच्या मानाचा, आणि तो क्षुल्लक नव्हे. बापूजींनी तो आपल्या रीतीने सोडवला. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला उंची मोजून वहीत मांडण्याचे काम त्यांनी नातवाकडेच दिले, आणि गाडी सुरू होण्यापूर्वी सर्वांचे पट्टे तपासण्याचेही. पहिल्याच दिवशी त्याने मागच्या जागेवर बसलेल्या बापूजींना टोकले; मागे बसून ते कधीच पट्टा लावत नसत. त्यांनी मुकाट्याने लावला. बाळाची खुर्ची हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही.

सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण उरकण्याची घाई आपल्या घरांना नवी नाही. सायंकाळच्या रस्त्यावर ती घाई वेग वाढवते. अशा वेळी निघण्यापूर्वीची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि मुलाला गादीला पाठ टेकवून बसवून पाहावे. वाढदिवस साजरा करायलाच हवा. पण आसन काढायचे की नाही, हे त्या पाच उत्तरांवर ठरवावे.