फुकटचं तिकीट

आमच्या लोकांच्या आडनावाला शेवटी 'कर' असतो. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. पुढचं नाव मात्र मोझेस, सॅम्युएल, डॅनियल असलं काहीतरी. नवीन माणूस नाव ऐकतो आणि विचारतो, "तुम्ही ख्रिश्चन का?" मी सांगतो, नाही, आम्ही बेने इस्राएल. त्याला कळत नाही. मग मी म्हणतो, शनवार तेली. जुना माणूस असला तर लगेच मान हलवतो. आमचे पूर्वज घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून कोकणानं आम्हाला हे नाव दिलं. धर्माचं नाव लोकांना माहीत नव्हतं, पण घाणा कुठल्या वारी बंद असतो ते पक्कं माहीत होतं.

माझं गाव अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं. दीड एकर भात, पुढं वाल आणि पांढरा कांदा, घरामागं नारळाची लहानशी वाडी. शिक्षण दहावी. आजोबांचा घाणा मी लहानपणी बंद पडलेलाच पाहिला. त्याचं दगडी उखळ अजून फणसाखाली पडून आहे, कोंबड्या त्यात साचलेलं पाणी पितात. एके काळी आमच्या गावात आमच्या लोकांची अकरा घरं होती. आज माझं एकच आहे. बाकीचे मुंबई-ठाण्याला गेले आणि तिथून बहुतेक सगळे इस्राएलला.

माझी थोरली बहीण लग्न होऊन पहिल्या वर्षातच गेली. तिला पन्नास वर्षं होतील आता. दिमोना म्हणून वाळवंटातलं गाव आहे, आपली मराठी माणसं तिथं इतकी की त्याला लोक छोटा भारत म्हणतात. ताईनं तिथं कापडाच्या गिरणीत काम केलं, पोरं वाढवली. आता पतवंडं खेळवते आणि दर शुक्रवारी सकाळी मला फोन करते. गेल्या पावसाळ्यात लावणीच्या ऐन गर्दीत तिचा फोन आला. म्हणाली, "पोरीला पाठव. दहा दिवसांची यात्रा आहे. विमान, राहणं, खाणं, सगळं फुकट. एक पैसा लागणार नाही."

ही यात्रा खरीच आहे. तिला तग्लित म्हणतात, हिब्रूत त्याचा अर्थ शोध. १९९९ साली ती सुरू झाली. जगातल्या कुठल्याही देशातल्या अठरा ते सव्वीस वयाच्या ज्यू पोरापोरींना इस्राएल दाखवून आणायचं, जेरुसलेमची भिंत, मृत समुद्र, मसाडाचा डोंगर, असं सगळं. माझी धाकटी तेवीस वर्षांची. अलिबागला बी.कॉम. केलं, एका दुकानाचा हिशेब बघते, सकाळ-संध्याकाळ शेतावर माझ्याबरोबर असते. ताईच्या फोननंतर आठ दिवसांत घरातले सगळे एका सुरात बोलायला लागले. ठाण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, असा चान्स परत येत नाही." मेव्हणा म्हणाला, "आपल्या बापजाद्यांची भूमी, बघायला नको?" बायको काही बोलली नाही, पण पोरीचा पासपोर्ट कपाटातून काढून वरच्या फळीवर ठेवला.

माझं मन मात्र पुढं होईना. का होईना, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. भांगलताना विचार करत राहिलो.

पहिली गोष्ट फुकटची. शेतकऱ्याला फुकट या शब्दाची ओळख फार चांगली आहे. एका वर्षी एका कंपनीची गाडी गावात आली आणि भाताचं बियाणं फुकट वाटून गेली. पीक झकास आलं. दुसऱ्या वर्षी तेच बियाणं विकत घ्यावं लागलं, कारण त्या भाताचं घरचं बी धरता येत नव्हतं. कंपनीनं फसवलं असं मी म्हणत नाही, भात आला होता. पण देणारा काहीतरी मनात धरून देतो आणि घेणाऱ्यानं ते आधी ओळखावं, एवढं मी त्या वर्षी शिकलो. इथं देणाऱ्याच्या मनात काय आहे ते ताईनं लपवलंही नाही. "तिला तिकडं आवडेल. आपल्यातला एखादा मुलगाही बघता येईल. इथं तुला जावई कुठं मिळणार?"

हे बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. अलिबाग तालुक्यात आमच्या पोरीला आमच्यातला नवरा शोधायचा म्हणजे हाताच्या बोटांवर मोजणी. आणि दुसरी मोजणी त्याहून अवघड. आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अलिबागच्या इस्राएल आळीत आमचं मागेन अबोथ सिनेगॉग आहे. माझ्या आईच्या तोंडी त्याला मशीदच म्हणायचे, जुने लोक तसंच म्हणत. लहानपणी सणाला तिथं बसायला जागा नसायची. आता नेहमीच्या दिवशी आठ जमतात, नववा येतो आणि दहाव्यासाठी फोन फिरवावे लागतात. पोरगी त्या दहांत धरली जात नाही, हे मला माहीत आहे. पण एक पोरगी जाते तेव्हा एक घर जातं. यात्रेला गेलेले सगळे परत येतात, सहलच ती. पण परत आल्यावर त्यांचं इथलं मन पातळ होतं, हे मी दोन घरांत पाहिलंय.

दुसरी गोष्ट वारशाची. यात्रेचं पत्रक पोरीनं फोनवर वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, तुमचा वारसा शोधा. मी विचारात पडलो. नवगावच्या किनाऱ्याजवळ आमच्या पूर्वजांची जागा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा आहे. ग्रंथ समुद्रात गेले. आठवणीत राहिली ती शमाची प्रार्थना, शनिवार, सुंता आणि काय खायचं, काय नाही एवढंच. पुढं कधीतरी डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी माणूस आला. त्याला संशय आला, हे आपलेच लोक असावेत. त्यानं बायांपुढं मिसळलेल्या मासळीची टोपली ठेवली. बायांनी खवल्यांचे आणि परांचे मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला टाकले. रहाबीला कळायचं ते कळलं. आमच्या घरात आजही कोळंबी आणि कुर्ल्या शिजत नाहीत. अलिबागेत राहून कोळंबी न खाणं ही काय साधी गोष्ट आहे?

सागावजवळ खंडाळ्याला कातळ आहे. एलियाहू हन्नबीचा रथ तिथं टेकून आकाशात गेला, असं आम्ही मानतो. झाडांचा सण असतो, तूबी श्वात, तेव्हा तिथं जाऊन आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर पाच तऱ्हेची फळं. नारळ माझ्या वाडीतला, पोहे माझ्या भाताचे. आमच्या सणांची नावंही इथलीच. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. देऊळ पडल्याच्या दुःखाचा जो उपवास जगभर ज्यू लोक करतात, तो आमच्या बायांनी वालाच्या बिरड्याच्या नावानं लक्षात ठेवला. आता मी पोरीला वारसा शोधायला कुठं पाठवू?

आणि गंमत बघा. दर हिवाळ्यात इस्राएलहून बस भरून लोक इकडे येतात. नवगावला उभं राहून रडतात, खंडाळ्याच्या कातळाला हात लावतात. ताईचा नातू सैन्यातली नोकरी संपवून आला होता. मराठीचे चार शब्द येत होते त्याला, 'पाणी', 'बस', 'पुरे' आणि एक शिवी. त्यानं फणसाखालच्या उखळाशेजारी बसून फोटो काढले आणि जाताना तिथली मूठभर माती कागदात बांधून नेली. त्याचा वारसा इथं आणि माझ्या पोरीचा तिथं, असं कसं होईल?

तिसरी गोष्ट पोरीनंच काढली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. एक दिवस कांद्याच्या रोपाचे वाफे करताना म्हणाली, "बाबा, जी जमीन आपली म्हणून दाखवणार, ती आधी कोण कसत होतं?" गाझातलं टीव्हीवर दिसतंच. तिच्या वयाच्या पोरी पडलेल्या घरांपुढं बसलेल्या दिसतात. मी लगेच उत्तर दिलं नाही.

आमचा तालुका चरीच्या संपाचा. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरी-कोपर भागातल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. लाकडं विकली, पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटलांनी ती माणसं उभी केली. माझे आजोबाही कूळच होते, कुळकायद्यानं जमीन त्यांच्या नावावर झाली. खोतही म्हणतच होता, जमीन आमच्या बापजाद्यांची. कागदही होता त्याच्याकडे. म्हणून बापजाद्यांची भूमी म्हटलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, आज बांधावर उभा कोण आहे?

पण दुसऱ्या बाजूला माझी बहीण आहे. ती कुणाची जमीन लाटायला गेली नव्हती. गिरणीत पाळ्या करायला गेली. आमच्या लोकांना तिथं आयतं काही मिळालं नाही. १९५० च्या सुमाराला गेलेल्यांतले काही जण धरणं धरून परत भारतात आले. पुढं तर आमच्या लग्नांनाच हरकत घेतली गेली, हे खरे ज्यू का, म्हणून. १९६४ साली आमच्या माणसांनी जेरुसलेमला सत्याग्रह केला, तेव्हा कुठं सरकारनं सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच. मासळीच्या टोपलीनं रहाबीला जे कळलं होतं ते त्यांना कळायला इतकी वर्षं लागली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ताईचा फोन आला की मी आधी विचारतो, रात्र कशी गेली? भोंगा वाजला की ऐंशीकडे झुकलेली माझी बहीण पतवंडाला काखेत मारून पक्क्या खोलीत जाते. तिची भीती आणि गाझातल्या बाईची भीती, दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी असतात. एकीमुळं दुसरी कमी होत नाही. दहा दिवसांच्या बसमधून यातलं काय दाखवणार, हा माझा प्रश्न होता.

दिवाळीनंतर पोरीनं आपणच आत्याला फोन लावला. मी ओटीवर वाल निवडत होतो, ऐकू येत होतं. म्हणाली, "आत्या, मला तुला भेटायचंय. देश बघायचा नाय असं नाय, पण कुणीतरी दाखवतंय म्हणून नको. सव्वीसपर्यंत वेळ हाय. मनात आलं तर जाईन, पण मग मला पायजे ते विचारीन." तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कापला. मग ताई म्हणाली, "बापावर गेलीस." रागानं म्हणाली का कौतुकानं, ते काही कळलं नाही.

मग फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "ताई, तुझ्याकडे यायला मला वारसा नको. बहीण आहेस, तेवढं बास. कांद्याचे दोन हंगाम नीट गेले आणि तिकडं जरा शांत झालं, की आम्ही दोघं येऊ. आपल्या पैशानं." ठाण्याच्या मुलाला हे अजून पटलेलं नाही. फुकट मिळत असताना पैसे घालवायला निघालेला बाप त्याला हट्टी वाटतो. वाटू दे. भावानं बहिणीच्या दारात उभं राहायचं ते आपल्या पायावर, एवढं मला कळतं.

ताई मात्र त्या दिवसापासून यात्रेचं बोलत नाही. आता याद्या सांगते. मी पांढऱ्या कांद्याची माळ आणतो म्हटलं तर म्हणाली, "कांदे नको, विमानतळावर काढून घेतील. वाल आण. कडवे. भिजवून सोलायला माझे हात अजून चालतात."

तेही काढून घेतात की काय, कुणाला तरी विचारायला हवं. यंदा वाल बरा आलाय. पाच किलो बाजूला काढून राख लावून ठेवलाय.