नोंदवहीबाहेरचे नाव

फोंडे महालात वकिली करणाऱ्याला देवस्थानांचे खटले चुकत नाहीत. 1933 च्या महाजनी कायद्याने देवस्थानांना महाजनांच्या नोंदवह्या आखून दिल्या, आणि त्या वहीत आपले नाव असणे वा नसणे यावरून माणसे अजून भांडत आहेत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका वादाचे जुने कागद चाळताना माझ्या आजोबांची वळणदार सही समोर आली आणि मला, का कोण जाणे, मास्टर दीनानाथांची आठवण झाली.

का ते तसे उघडच आहे म्हणा. आजोबा दीनानाथांचे वेडे भक्त. तरुणपणी बेळगावास त्यांनी 'रणदुंदुभि'चा प्रयोग पाहिला होता, आणि तेजस्विनीच्या वेषातील दीनानाथांची तान कशी विजेसारखी येई, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचे डोळे भरून येत.

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 चा, मंगेशीचा. आई येसूबाई कलावंत घराण्यातल्या, देवापुढे गाणाऱ्या; वडील गणेशभट्ट त्याच मंगेशाचे अभिषेकी. वडिलांचे आडनाव मुलाला लाभले नाही. मग त्याने गावाचे, पर्यायाने देवाचेच नाव लावले. कोर्टात पित्याच्या नावाचा रकाना रिकामा राहिला की पक्षकाराची मान कशी खाली जाते, हे मी पाहिले आहे. म्हणून या निवडीतला ताठा मला त्यांच्या गाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

किर्लोस्कर मंडळीत उमेदवारी करून 1918 साली त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह 'बळवंत संगीत मंडळी' काढली. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तील लतिका, 'मानापमाना'तील धैर्यधर, पुढे 1931 साली सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग'. स्त्रीभूमिका व पुरुषभूमिका दोन्हींत त्यांचा गळा सारखाच बेडर. ज्या चाली लोकांच्या कानांत बसलेल्या, त्यांनाही ते निराळे वळण देत. जुन्या श्रोत्यांना ते रुचत नसे. आजोबांना मात्र तेच प्रिय.

त्याच 1931 साली 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा', आणि बोलपटापुढे नाटकाचे प्रेक्षक ओसरू लागले. मंडळीनेही मग चित्रपटात उडी घेतली. 1934 चा 'कृष्णार्जुन युद्ध', दिग्दर्शक कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. तो मंडळीला तारू शकला नाही. बुडालेल्या पेढ्यांचे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. माणूस बहुधा आपल्या धंद्याने बुडत नाही, शेजारच्या धंद्याने बुडतो. ज्याचा गळा समोरच्या दादेवर फुलत असे, त्याला यंत्रापुढे दाद कोण देणार? 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यास, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची होती. त्याच वर्षी तिला चित्रपटांत काम धरावे लागले.

हे सारे मला आजोबांनीच सांगितले. पण त्यांनी न सांगितलेली एक गोष्ट मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या देवळाच्या सेवेतल्या घराण्यातील एक वृद्धा श्रावणात आमच्याकडे येई. तिला आम्ही नुसते 'मावशी' म्हणत असू. आजोबा तिला दीनानाथांची पदे म्हणावयास लावीत. ती ओसरीवर कधी आली नाही. पायरीवर बसूनच म्हणे. आजोबा ओसरीवर डोळे मिटून ऐकत, माना डोलावीत, आणि पद संपले की आजी चहा देई, तो वेगळ्या कपात. कप धुवून परत खांबामागे ठेवण्याचे काम माझे होते. मी एकदा, "मावशी वर का बसत नाही?" असे विचारले. आजोबा म्हणाले, "तिला तिथेच बरे वाटते." मावशी हसली. त्या हसण्याचा अर्थ लावण्याचे माझे वय नव्हते.

पणजीला कला अकादमीत दीनानाथांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे गेलो की मी आजोबांच्या वतीने अभिमानाने आत शिरतो आणि स्वतःच्या वतीने जरा संकोचतो.

तो वादाचा कागद मी अजून पक्षकाराला परत दिलेला नाही. त्यात आजोबांची सही ज्या यादीखाली आहे, त्या यादीत मावशीच्या घराण्यातले एकही नाव नाही. आणि आमच्या घराची ती पायरी? दोन वर्षांपूर्वी आम्ही मोटार आत घेण्यासाठी ती फोडून तिथे उतार केला.